सी भाषेतील 'जीलिब' लायब्ररी : डेटा स्ट्रक्चरच्या निवडीचा प्रश्न

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात 'डेटा स्ट्रक्चर' अर्थात विदा-संरचना हा विषय दीर्घकाळ सी भाषेच्या आधारे शिकविला जात आला आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू, बायनरी ट्री यांचे प्रोग्राम असतात. विद्यार्थी ते लिहितो, त्यांचे आउटपुट जोडतो आणि तोंडी परीक्षेत नोड कसा जोडला जातो हे सांगतो. यात गैर काहीच नाही. संरचना एकदा स्वतःच्या हाताने बांधल्याशिवाय तिचे अंतरंग समजत नाही. परंतु प्रात्यक्षिकाच्या मथळ्यातच 'लिंक्ड लिस्टचा वापर करून' असे नमूद केलेले असल्यामुळे एक प्रश्न विद्यार्थ्यापुढे कधीच उभा राहत नाही : येथे लिंक्ड लिस्टच का?

हा प्रश्न अनुत्तरित राहिल्याचे परिणाम पुढे दिसतात. प्रकल्पासाठी वा नोकरीत विद्यार्थी जेव्हा एखादी तयार लायब्ररी हाती घेतो, तेव्हा सर्व संरचना बांधून तयार असतात आणि त्याच्याकडे उरते ते केवळ निवडीचे काम. त्याच कामाचा सराव त्याला नसतो. चुकीच्या निवडीने प्रोग्राम बहुधा बंद पडत नाही, उत्तरही चुकत नाही. दहा नोंदींवर तो उत्तम चालतो, परीक्षकांसमोरही चालतो आणि एक लाख नोंदी येताच गुडघे टेकतो. प्रस्तुत लेखात 'जीलिब' या सी भाषेतील सर्वपरिचित लायब्ररीच्या आधारे या निवडीचे निकष स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

जीलिबची पार्श्वभूमी

सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत डेटा स्ट्रक्चर जवळजवळ नाहीतच. क्रमवारी लावण्यासाठी 'क्यूसॉर्ट' व शोधण्यासाठी 'बीसर्च' ही दोन फंक्शने आहेत; लिस्ट, हॅश टेबल वा ट्री नाही. सी++ किंवा जावा शिकणाऱ्यास जे आयते मिळते, ते सी वापरणाऱ्यास एकतर स्वतः लिहावे लागते किंवा बाहेरून आणावे लागते. ही उणीव भरून काढणाऱ्या लायब्ररींमध्ये जीलिबचे स्थान महत्त्वाचे आहे.

जीलिबचा उगम 'गिंप' या चित्रसंपादन प्रोग्राममध्ये आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिंपचे काम सुरू केले. त्यासाठी त्यांनी 'जीटीके' हा स्वतंत्र टूलकिट घडविला आणि त्यातील पडद्याशी संबंध नसलेला, सर्वसाधारण उपयोगाचा भाग पुढे जीलिब म्हणून वेगळा झाला. जीलिबची २.० आवृत्ती २००२ मध्ये आली. ग्नोम डेस्कटॉपचा ती पाया आहेच, शिवाय वायरशार्क व क्यूईएमयू यांसारखे ग्नोमबाहेरील प्रोग्रामही ती वापरतात. म्हणजे एका विद्यार्थी-प्रकल्पाची गरज म्हणून जन्मलेली ही लायब्ररी आज लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवर आधीपासूनच उपलब्ध असते. प्रयोगशाळेत ती वापरण्यास वेगळा खर्च येत नाही, हेही महाविद्यालयांच्या दृष्टीने नगण्य नाही.

या लायब्ररीतील प्रमुख संरचना अशा : एकेरी साखळीसाठी जी-एसलिस्ट, दुहेरी साखळीसाठी जी-लिस्ट, दोन्ही टोके लक्षात ठेवणारी जी-क्यू, प्रत्यक्ष मूल्ये सलग ठेवणारी जी-ॲरे, केवळ पॉइंटर सलग ठेवणारी जी-पीटीआर-ॲरे, किल्लीवरून मूल्य देणारी जी-हॅशटेबल, किल्ल्या क्रमाने राखणारी जी-ट्री आणि २००७ मधील २.१४ आवृत्तीत आलेली जी-सीक्वेन्स. आणखीही काही आहेत, परंतु निवडीचा खरा पेच या आठांभोवतीच असतो.

शेवटी जोडण्याची किंमत

जीलिब नव्याने वापरणारा बहुधा पहिल्यांदा जी-लिस्टकडे वळतो. कारण उघड आहे : वर्गात तीच शिकलेली असते. आणि लिस्टमध्ये नोंद भरण्यासाठी तो 'जी_लिस्ट_अपेंड' हे फंक्शन निवडतो, कारण नोंदी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने राहाव्यात ही स्वाभाविक अपेक्षा असते. येथेच पहिली अडचण आहे. जी-लिस्टमध्ये 'लिस्ट' म्हणून जो पॉइंटर हाती असतो तो पहिल्या नोडचा असतो. रिकामी लिस्ट म्हणजे निव्वळ नल. शेवटचा नोड कोठे आहे याची नोंद कोठेही ठेवलेली नसते. त्यामुळे प्रत्येक अपेंडच्या वेळी फंक्शन पहिल्या नोडपासून चालत शेवटपर्यंत जाते आणि मग नवा नोड जोडते.

शंभर नोंदींसाठी ही पायपीट सुमारे पाच हजार पावलांची होते. ती कोणाच्या लक्षातही येत नाही. दहा हजार नोंदींसाठी ती सुमारे पाच कोटी पावलांची होते. एक लाख नोंदींसाठी सुमारे पाचशे कोटी! नोंदी दहापट झाल्या की श्रम शंभरपट होतात. एखाद्या परीक्षा विभागासाठी निकालपत्रकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या वर्गातील साठ जणांची यादी घेऊन चाचणी केली, तर त्याला यातले काहीही दिसणार नाही.

जीलिबच्या अधिकृत दस्तऐवजातच यावर उपाय दिलेला आहे : प्रत्येक नोंद 'जी_लिस्ट_प्रीपेंड'ने आरंभी जोडावी आणि सर्व नोंदी भरून झाल्यावर 'जी_लिस्ट_रिव्हर्स' एकदाच करावे. आरंभी जोडण्यास लिस्ट कितीही लांब असली तरी तेवढाच वेळ लागतो. उलटविण्यास एक फेरी पुरते. लाख नोंदींचे काम पाचशे कोटी पावलांऐवजी दोनेक लाख पावलांत उरकते. उपाय सोपा आहे, परंतु तो मुळात योग्य निवडीला पर्याय नाही. नोंदी शेवटी जोडायच्या आणि आरंभापासून काढायच्या असतील, तर ती जी-क्यूची जागा आहे. जी-क्यू पहिल्या नोडबरोबर शेवटचा नोड व एकूण संख्याही जवळ बाळगते. त्यामुळे दोन्ही टोकांना जोडणे, काढणे आणि संख्या विचारणे ही तिन्ही कामे स्थिर वेळात होतात. आश्चर्य असे की जी-क्यूचे नोड हे जी-लिस्टचेच नोड असतात. फरक केवळ दोन पॉइंटर व एक संख्या जपण्याचा आहे.

याच जातीची दुसरी चूक फेरीच्या अटीत आढळते. ॲरेच्या सवयीने विद्यार्थी शून्यापासून 'जी_लिस्ट_लेंग्थ'पर्यंत फेरी लिहितो आणि आत 'जी_लिस्ट_एनथ_डेटा'ने घटक मागतो. लांबी मोजण्यासाठी प्रत्येक वेळी संपूर्ण लिस्ट चालावी लागते, आणि पाचशेवा घटक देण्यासाठी आधीचे चारशे नव्याण्णव ओलांडावे लागतात. फंक्शनच्या नावावरून यातले काहीच कळत नाही. नाव ॲरेसारखे, वर्तन साखळीचे. ज्याला पॉइंटर पुढे सरकवत फेरी लिहिण्याचे कारण माहीत आहे, तो ही चूक करत नाही. म्हणून हाताने लिंक्ड लिस्ट लिहिण्याचा सराव वाया जात नाही, तो येथे कामी येतो.

जाता जाता आणखी एक. अपेंड वा प्रीपेंडने परत दिलेले मूल्य लिस्टच्या चलात पुन्हा साठविणे आवश्यक असते. लिस्ट रिकामी नसेल तर अपेंडचे मूल्य दुर्लक्षिले तरी काम चालून जाते. लिस्ट रिकामी असताना मात्र नोंद हरवते. कधी चालणारी व कधी न चालणारी चूक सर्वांत त्रासदायक. जीसीसी कंपायलर याविषयी इशारा देतो, परंतु इशारे वाचण्याची सवयही शिकवावी लागते.

स्मृतीतील मांडणी

पाठ्यपुस्तकांत संरचनांची तुलना बहुधा पावलांच्या संख्येवर होते. मधल्या जागी घटक घालायचा असेल तर ॲरेत पुढील सर्व घटक सरकवावे लागतात, साखळीत दोन पॉइंटर बदलले की झाले, म्हणून साखळी श्रेष्ठ. हे विधान प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. ते खोटे नाही, अपुरे आहे. मधली जागा आधी शोधावी लागते आणि साखळीत ती शोधण्यास चालतच जावे लागते, हा त्यातला गाळलेला भाग. दुसरा गाळलेला भाग आधुनिक प्रोसेसरच्या रचनेशी संबंधित आहे.

६४-बिट यंत्रावर जी-लिस्टचा एक नोड २४ बाइटांचा असतो : माहितीचा पॉइंटर, पुढचा पॉइंटर, मागचा पॉइंटर, प्रत्येकी ८ बाइट. लिनक्सवरील नेहमीचा स्मृतिवाटप करणारा मॅलॉक स्वतःच्या हिशोबासह त्यासाठी ३२ बाइट खर्ची घालतो. लाख पूर्णांक साठवायचे तर ३२ लाख बाइट. हेच पूर्णांक जी-ॲरेत ठेवले तर प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ४ लाख बाइट. जी-ॲरे दोनच्या घातांकाने वाढत असल्यामुळे प्रत्यक्षात ५,२४,२८८ बाइट राखले जातील. तरीही साखळीच्या सहाव्या हिश्श्याहून कमी.

जागेपेक्षा वेळेचा फरक अधिक बोलका आहे. प्रोसेसर मुख्य स्मृतीतून एकेक बाइट आणत नाही. प्रचलित यंत्रांवर तो एका वेळी ६४ बाइटांचा पट्टा कॅशमध्ये आणतो. जी-ॲरेत अशा एका पट्ट्यात १६ पूर्णांक येतात आणि पुढचा पट्टा कोणता हेही प्रोसेसर आधीच ओळखतो. साखळीचे नोड स्मृतीत विखुरलेले असू शकतात. पुढचा नोड कोठे आहे हे आधीचा वाचल्याशिवाय कळत नाही. परिणामी पावले समान असूनही प्रत्येक पाऊल महाग पडते. सी++ भाषेचे निर्माते बियार्ने स्ट्रॉउस्ट्रुप यांनी २०१२ मधील एका व्याख्यानात नेमका हाच मुद्दा मांडला होता : क्रमवार राखलेल्या यादीत मध्येच घटक घालण्याच्या कामातही, म्हणजे साखळीच्या मानलेल्या हक्काच्या क्षेत्रातही, सलग संरचना पुढे राहते.

यावरून पहिला व्यावहारिक निकष निघतो. विशेष कारण नसेल तर सलग संरचना घ्यावी : लहान, सारख्या आकाराची मूल्ये असतील तर जी-ॲरे, स्वतंत्रपणे वाटप केलेल्या नोंदी असतील तर जी-पीटीआर-ॲरे. साखळीची निवड करणाऱ्याने कारण द्यावे, ॲरेची निवड करणाऱ्याला ते मागू नये.

अर्थात जी-ॲरेचेही स्वतःचे काटे आहेत. ॲरे वाढताना ती स्मृतीत दुसरीकडे हलू शकते; त्यामुळे एखाद्या घटकाचा पत्ता घेऊन ठेवला आणि नंतर नवा घटक जोडला, तर तो पत्ता निरुपयोगी होऊ शकतो. पत्त्याऐवजी क्रमांक लक्षात ठेवणे हा त्यावरील उपाय. मधला घटक काढताना पुढचे सर्व घटक सरकतात. क्रम महत्त्वाचा नसेल तर 'जी_ॲरे_रिमूव्ह_इंडेक्स_फास्ट' शेवटचा घटक उचलून रिकाम्या जागी ठेवते आणि सरकवासरकव टळते. 'क्रम महत्त्वाचा आहे काय?' हा प्रश्न विद्यार्थी क्वचितच विचारतात, कारण प्रात्यक्षिकात तो नेहमीच महत्त्वाचा धरलेला असतो. जी-पीटीआर-ॲरेची क्रमवारी लावताना तुलना करणाऱ्या फंक्शनला घटक मिळत नाही, घटकाचा पत्ता मिळतो, हाही एक जुना सापळा आहे. दस्तऐवजात त्याचा स्पष्ट उल्लेख असूनही लोक त्यात पडत राहिले, २.७६ आवृत्तीत त्यासाठी निराळे फंक्शनच द्यावे लागले.

साखळीचे खरे स्थान

मग लिंक्ड लिस्ट कशासाठी? जेथे नोड आधीच हाती आहे, शोधावा लागत नाही, आणि तो एका जागेवरून दुसऱ्या जागी वारंवार हलवायचा आहे, तेथे साखळीला तोड नाही. मर्यादित आकाराचा संचय हे याचे उत्तम उदाहरण. समजा, एखादा प्रोग्राम महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील पुस्तकांची मुखपृष्ठे पडद्यावर दाखवितो आणि स्मृतीत एका वेळी एक हजार चित्रेच ठेवता येतात. नवे चित्र आले की सर्वांत जास्त काळ न वापरलेले काढून टाकायचे. यासाठी दोन प्रश्नांची उत्तरे तत्काळ हवीत : हे चित्र संचयात आहे काय, आणि सर्वांत जुने कोणते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हॅश टेबल देते, दुसऱ्याचे क्यू. कोणतीही एकच संरचना दोन्हींची देत नाही. तोडगा असा की जी-क्यूमध्ये चित्रे वापराच्या क्रमाने ठेवायची आणि जी-हॅशटेबलमध्ये पुस्तकाच्या दाखल-क्रमांकासमोर चित्र न ठेवता क्यूमधील त्या चित्राच्या नोडचा पत्ता ठेवायचा. चित्र मागितले गेले की हॅश टेबलमधून नोड मिळतो. 'जी_क्यू_अनलिंक'ने तो जागेवरून सोडवायचा आणि 'जी_क्यू_पुश_हेड_लिंक'ने अग्रभागी बसवायचा. नवे वाटप नाही, शोध नाही, सरकवासरकव नाही. जागा संपली की शेपटीचा नोड काढायचा, त्यासोबत हॅश टेबलमधील त्याची नोंदही. येथे दुहेरी साखळी अपरिहार्य आहे. एकेरी साखळीत नोड सोडवायचा तर त्याच्या मागचा नोड हवा, आणि तो शोधण्यासाठी पुन्हा आरंभापासून चालणे आले. दुहेरी साखळीतील तो 'मागचा' पॉइंटर वर्गात कधीकधी शोभेचा वाटतो. त्याचे प्रयोजन या एका उदाहरणात स्पष्ट होते.

हॅश टेबल : दोन फंक्शने आणि एक मालकी

जी-हॅशटेबल निर्माण करताना दोन फंक्शने द्यावी लागतात : किल्लीवरून संकेतांक काढणारे आणि दोन किल्ल्या समान आहेत काय हे सांगणारे. जीलिबमध्ये सर्व किल्ल्या 'जीपॉइंटर' म्हणजे अनामिक पॉइंटर असतात. आत शब्द आहे, पूर्णांक आहे की आणखी काही, हे कंपायलरला ठाऊक नसते. चुकीची जोडी दिली तर कंपायलर हरकत घेत नाही.

फंक्शनांच्या जागी नल दिल्यास टेबल किल्लीचा पत्ताच किल्ली मानते. शब्दांच्या टेबलासाठी असे केले तर 'पुणे' हा शब्द एका पत्त्यावर भरला जातो आणि दुसऱ्या पत्त्यावरील 'पुणे' सापडत नाही. गंमत अशी की चाचणीत हे बहुधा उघडकीस येत नाही. चाचणीतील शब्द प्रोग्राममध्येच अवतरणात लिहिलेले असतात आणि बहुतेक कंपायलर एकाच फाइलमधील सारखी अवतरणे एकाच पत्त्यावर ठेवतात; शोध यशस्वी होतो. शब्द फाइलमधून वाचले जाऊ लागले की एकही सापडत नाही. शब्दांसाठी 'जी_एसटीआर_हॅश' व 'जी_एसटीआर_इक्वल' ही जोडी वापरावी. पूर्णांकांसाठी दोन वाटा आहेत : पूर्णांक पॉइंटरमध्येच बसविला असेल तर 'जी_डायरेक्ट_हॅश', पूर्णांकाचा पत्ता दिला असेल तर 'जी_इंट_हॅश'. यांची अदलाबदल केल्यास प्रोग्राम भलत्याच पत्त्यावर वाचू लागतो.

मालकीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. टेबल किल्लीची प्रत करत नाही, पत्ता तेवढा ठेवते. फाइलमधील प्रत्येक शब्द एकाच बफरमध्ये वाचून तो बफरच किल्ली म्हणून दिला, तर सर्व नोंदी एकाच जागेकडे बोट दाखवितात आणि त्या जागी शेवटचा शब्द असतो. म्हणून 'जी_एसटीआरडप'ने प्रत करावी आणि टेबल 'जी_हॅश_टेबल_न्यू_फुल'ने निर्माण करून ती प्रत मोकळी करण्याची जबाबदारी टेबलाकडे सोपवावी. तीच किल्ली पुन्हा आली तर 'इन्सर्ट' जुनी किल्ली ठेवून नवी मोकळी करते, 'रिप्लेस' नवी ठेवून जुनी मोकळी करते. नोंदीच्या मूल्यातच किल्ली दडलेली असेल (विद्यार्थ्याच्या नोंदीत त्याचा आसनक्रमांक असतो तशी) तर हा भेद निर्णायक ठरतो. मूल्य बदलताना जुनी नोंद मोकळी झाली आणि किल्ली मात्र त्या मोकळ्या केलेल्या नोंदीच्या आतच राहिली, असा प्रसंग 'इन्सर्ट'ने ओढवतो.

हॅश टेबलची सरासरी उत्कृष्ट असते, हमी मात्र नसते. 'जी_एसटीआर_हॅश' हे डॅनियल बर्नस्टाइन यांच्या नावाने ओळखले जाणारे फंक्शन आहे : आरंभी ५३८१, मग प्रत्येक अक्षरासाठी आधीच्या संख्येला ३३ ने गुणून अक्षराचा संकेतांक मिळवायचा. रोमन लिपीतील स्मॉल ए (९७) व स्मॉल बी (९८) या दोन अक्षरांच्या शब्दासाठी अक्षरांचा वाटा ९७ गुणिले ३३ अधिक ९८, म्हणजे ३२९९. स्मॉल बी (९८) व कॅपिटल ए (६५) यांचाही ९८ गुणिले ३३ अधिक ६५, म्हणजे ३२९९. दोन्ही शब्दांचा संकेतांक एकच. आता या दोन जोड्या हव्या तशा एकापुढे एक मांडल्या, तर २० जोड्यांपासून ४० अक्षरांचे १०,४८,५७६ वेगवेगळे शब्द तयार होतात आणि त्या सर्वांचा संकेतांक सारखाच येतो. असे शब्द कोणी मुद्दाम पाठविले तर टेबलातील प्रत्येक शोध आधीच्या सर्व शब्दांना धडकत जातो. ही केवळ वर्गातील करामत नव्हे. राइस विद्यापीठातील क्रॉस्बी व वॉलाक यांनी २००३ मध्ये या हल्ल्याचे विवेचन केले होते आणि डिसेंबर २०११ मध्ये बर्लिन येथील एका परिषदेत अनेक लोकप्रिय प्रोग्रामिंग भाषा त्याला बळी पडू शकतात हे दाखविण्यात आले. त्यानंतर बऱ्याच भाषांनी आपल्या हॅश फंक्शनमध्ये यादृच्छिक बीज मिसळले. 'जी_एसटीआर_हॅश'मध्ये असे बीज नाही. घरच्या फाइलींसाठी ते पुरेसे आहे; अनोळखी व्यक्तीकडून जालावरून येणाऱ्या किल्ल्यांसाठी निराळे हॅश फंक्शन द्यावे किंवा संरचनाच बदलावी.

ती बदललेली संरचना म्हणजे जी-ट्री. हा संतुलित बायनरी ट्री असून त्याला हॅश फंक्शन लागत नाही, तुलना पुरते. दहा लाख किल्ल्या असल्या तरी एका शोधास तीसहून कमी तुलना लागतात, मग किल्ल्या कोणीही, कोणत्याही हेतूने पाठविलेल्या असोत. सरासरीत ती हॅश टेबलहून मंद आहे. जेथे शत्रूची शक्यता आहे तेथे ही मंदता परवडते. घटकांना किल्ली नसून केवळ स्थान असेल आणि मध्येच घालणे, काढणे व क्रमांकावरून मिळविणे ही तिन्ही कामे सारखी होत असतील, तर जी-सीक्वेन्स पाहावी. तीही आतून ट्रीच आहे.

मराठी शब्दसूची : एक उदाहरण

वरील निकष एकत्र पाहण्यासाठी मराठी मजकुरातील शब्दांची वारंवारिता मोजण्याचे काम घेता येईल. भाषा विभाग व संगणकशास्त्र विभाग यांनी मिळून करावा असा हा प्रकल्प आहे आणि त्यात डेटा स्ट्रक्चरची निवड कागदी राहत नाही.

मोजणीसाठी जी-हॅशटेबल निर्विवाद. किल्ली म्हणून शब्दाची प्रत, मूल्य म्हणून पॉइंटरमध्ये बसविलेली संख्या. नसलेल्या किल्लीसाठी 'जी_हॅश_टेबल_लुकअप' नल देते आणि नलचा पूर्णांक शून्य. त्यामुळे पहिल्यांदा आलेल्या शब्दासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही. एरवी नलचे हे दुहेरीपण (किल्ली नाही, की मूल्यच नल आहे?) अडचणीचे असते आणि तेथे 'लुकअप_एक्स्टेंडेड' वापरावे लागते.

परंतु दोन शब्द 'समान' केव्हा, हा प्रश्न मराठीत वाटतो तितका सोपा नाही. 'दऱ्या' या शब्दातील ऱ युनिकोडमध्ये एका संकेतांकानेही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, बाइट मात्र वेगळे. हॅश टेबल त्यांना दोन शब्द मानून दोन निरनिराळ्या संख्या देईल. किल्ली भरण्यापूर्वी 'जी_यूटीएफ८_नॉर्मलाइझ' केल्यास हे दोन प्रकार एक होतात. तिसरा प्रकार, म्हणजे र, हलन्त आणि त्यापुढे शून्यरुंदीचा जोडक घालून साधलेला अर्धा र, या प्रमाणीकरणाने एक होत नाही; त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. जुन्या फाइलींतून रूपांतरित केलेल्या मजकुरात असे मिश्रण संभवते.

शब्दसूची वर्णक्रमाने छापायची म्हटले की अनेक विद्यार्थी हॅश टेबल सोडून आरंभापासूनच जी-ट्री घेतात. क्रम जर शेवटी एकदाच हवा असेल तर त्याची गरज नाही. मोजणी हॅश टेबलमध्ये करावी, नंतर किल्ल्या जी-पीटीआर-ॲरेत उतरवून एकदाच क्रमवारी लावावी. जी-ट्री तेथे घ्यावी जेथे शब्द येत असतानाच क्रमवार सूची दाखवत राहायची आहे.

क्रमवारीसाठी तुलना कोणती, हा शेवटचा प्रश्न. बाइटांची तुलना करणारे 'एसटीआरसीएमपी' दिले तर शब्द युनिकोडच्या क्रमाने लागतात. त्या क्रमात ळ हे अक्षर ल व व यांच्यामध्ये येते. मराठी वर्णमालेत ळ ह नंतर येतो, आणि क्ष व ज्ञ त्यानंतर. युनिकोडमध्ये क्ष व ज्ञ ही स्वतंत्र अक्षरेच नाहीत, ती क व ज यांच्या पोटात जातात. अनुस्वाराचा संकेतांक सर्व स्वरव्यंजनांच्या आधी, तर मात्रांचे व्यंजनांच्या नंतर असल्यामुळे 'कंस' हा शब्द 'कमळ'च्या आधी येतो, पण 'कमळ' 'काम'च्या आधीच राहतो. 'जी_यूटीएफ८_कोलेट' हे फंक्शन संगणकावर निवडलेल्या लोकेलमधील नियमांनुसार तुलना करते; त्याचा निकाल त्या लोकेलच्या माहितीइतकाच चांगला असतो, म्हणून ळ, क्ष, ज्ञ, अनुस्वार व ऱ असलेल्या वीसपंचवीस शब्दांची यादी कोशाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. ही तुलना साध्या बाइट-तुलनेपेक्षा पुष्कळ महाग आहे आणि क्रमवारी लावताना तोच शब्द अनेकदा तुलनेस येतो. त्यामुळे प्रत्येक शब्दाची 'जी_यूटीएफ८_कोलेट_की' एकदाच काढून ती शब्दासोबत एका नोंदीत ठेवावी आणि पुढील तुलना त्या कळींची 'एसटीआरसीएमपी'ने करावी. तेव्हा जी-पीटीआर-ॲरेत शब्दांऐवजी या नोंदींचे पत्ते राहतील, आणि तुलना करणाऱ्या फंक्शनला मिळणारा पॉइंटर हा नोंदीच्या पत्त्याचा पत्ता असेल.